प्राण्यांची रंगदृष्टी आणि छद्मावरण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान, आरे, भांडुप पंपिंग स्टेशन, शिवडी आणि ठाणे खाडी या भागांत प्राणी-पक्षी पाहणाऱ्यांसाठी, त्यांचे फोटो काढणाऱ्यांसाठी आणि मुलांना निसर्गवाटेवर नेणाऱ्यांसाठी ही उत्तरे आहेत. कपड्यांबद्दल सर्वांत जास्त विचारले जाते, म्हणून त्या उत्तरांना जास्त जागा दिली आहे.

एखाद्या प्राण्याचे छद्मावरण 'चांगले' आहे, हे कशावरून ठरते?

छद्मावरण म्हणजे पार्श्वभूमीत मिसळून लपणे. ते ठरते प्राण्याची कातडी, त्याच्या मागची पार्श्वभूमी, त्या वेळचा उजेड आणि बघणारा डोळा, या चार गोष्टींवरून. पहिल्या तिन्हींकडे आपले लक्ष जाते, चौथी विसरली जाते. 'हा किडा काय बेमालूम लपलाय!' असे आपण म्हणतो ते आपल्या डोळ्याच्या हिशेबाने. पण त्याला खाणारा कावळा असेल किंवा सरडा. आपल्याला ठळक दिसणारी गोष्ट चितळाला दिसत नसेल आणि आपल्याला न दिसणारी गोष्ट पक्ष्याला सहज दिसत असेल. म्हणून कुठल्याही छद्मावरणाबद्दल बोलताना आधी विचारावे: कोणाच्या डोळ्यासमोर?

प्राण्यांना रंग दिसतात, की सगळे काळे-पांढरे?

बहुतेक सस्तन प्राण्यांना रंग दिसतात, पण आपल्यापेक्षा कमी. डोळ्यातल्या शंकू पेशी रंग ओळखतात. माणसात त्या तीन प्रकारच्या असतात आणि साधारण ४२०, ५३० आणि ५६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात (आकडा जितका लहान तितका प्रकाश निळ्या-जांभळ्या टोकाकडचा, जितका मोठा तितका लाल टोकाकडचा). शेवटच्या दोन प्रकारांच्या प्रतिसादातला फरक मेंदू मोजतो, म्हणून आपल्याला लाल आणि हिरवा वेगळे दिसतात. कुत्र्यात शंकू पेशींचे दोनच प्रकार आहेत, सुमारे ४२९ आणि ५५५ नॅनोमीटरचे. हरणांतही दोनच. अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणावर मोजमापे झाली आहेत, त्यात ते आकडे साधारण ४५५ आणि ५३७ आले. आपले चितळ, सांबर आणि भेकर त्याच कुळातले. मांजर, बिबट्या, मुंगूस, गाय, म्हैस हेही दोन शंकूंचेच गडी. या सगळ्यांना निळा आणि पिवळा वेगळे कळतात. लाल, नारिंगी, हिरवा आणि तपकिरी मात्र एकाच पिवळसर-करड्या पट्ट्यात मिसळतात, आणि वेगळेपण उरलेच तर ते गडद-फिक्याचे.

आपली माकडे आणि वानरे याला अपवाद आहेत. त्यांना आपल्यासारखेच तीन शंकू आहेत. पक्ष्यांना चार, आणि चौथा जांभळ्या किंवा अतिनील (जांभळ्याच्या पलीकडच्या, आपल्याला न दिसणाऱ्या) टोकाचा. शिवाय पक्ष्यांच्या शंकूंत तेलाचा थेंब असतो, बहुतेकांत रंगीत. तो गाळणीचे काम करतो, त्यामुळे जवळजवळच्या छटाही त्यांना वेगळ्या कळतात. मधमाशीला तीन प्रकार असले तरी ते ३४४, ४३६ आणि ५४४ नॅनोमीटरचे असतात. म्हणजे तिला अतिनील दिसतो, पण शुद्ध लाल जवळजवळ काळा दिसतो.

बैल लाल रंगाला चवताळतो म्हणतात?

नाही. गाई-बैलांना लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत. त्यांना डिवचते ती फडक्याची हालचाल.

बिबट्या पिवळा आणि वाघ नारिंगी. मग हिरव्या जंगलात ते लपतात कसे?

लपायचे आहे ते चितळापासून, आणि चितळाला नारिंगी रंग नारिंगी दिसतच नाही. त्याच्या डोळ्यात वाघाची कातडी आणि मागची पाने एकाच रंगपट्ट्यात येतात. उरतो तो गडद-फिका फरक, आणि तो पट्ट्यांमुळे आणि ठिपक्यांमुळे मोडून जातो. ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये संगणकाच्या मदतीने नेमका हा हिशेब मांडला. दोन शंकूंच्या डोळ्याला नारिंगी वाघ शोधायला हिरव्या वाघाइतकाच कठीण जातो, असे त्यातून दिसले.

मग वाघ हिरवाच का झाला नाही? सस्तन प्राण्यांच्या केसांत मेलॅनिनच्या दोनच जाती बनतात, एक काळी-तपकिरी आणि दुसरी पिवळी-तांबूस. हिरवा रंगद्रव्य त्यात नाही. भक्ष्याला फरक कळत नसेल तर नारिंगीनेही काम भागते.

माकडांपुढे मात्र हे गणित कोलमडते. तीन शंकूंच्या डोळ्याला हिरव्या पानांत पिवळा बिबट्या उठून दिसतो. दक्षिण भारतात लाल तोंडाच्या नव्हे, तर डोक्यावर केसांची टोपी असलेल्या आपल्याकडच्या माकडांसमोर बिबट्याच्या प्रतिकृती ठेवून प्रयोग झाले आहेत. अर्धवट झाकलेली प्रतिकृतीही ठिपक्यांवरून ओळखून माकडांनी धोक्याची हाक दिली. राष्ट्रीय उद्यानात वानराची 'खर्र-खक्' ऐकू आली की जाणकार थबकतात, ते यामुळे. चितळाची हाकही खरी असते, पण ती बहुतेकदा वासावर किंवा हालचालीवर दिलेली असते. वानर उंचावरून रंगासकट पाहून ओरडते. दिवसाउजेडी बिबट्या दाट झुडपात किंवा खडकाच्या सावलीत पडून राहतो आणि अंधार पडल्यावर हलतो. अंधारात चितळाच्या किंवा माकडाच्या शंकू पेशी फारशा चालत नाहीत.

राष्ट्रीय उद्यानात फिरताना कोणत्या रंगाचे कपडे घालावेत?

सर्वांत वाईट रंग निळा. लाल किंवा नारिंगी नव्हे, निळा. जीन्सचा निळा रंग ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश भरपूर परावर्तित करतो, आणि हरणाच्या निळ्या शंकूची सर्वाधिक संवेदना नेमकी तिथेच आहे. पाने, माती, सुके गवत यांच्यात निळा जवळजवळ नसतोच, त्यामुळे निळी पँट त्या पार्श्वभूमीवर एकटी पडते. पहाटे आणि सांजवेळी आकाशातून येणारा उजेड निळसर असतो, तेव्हा हा दोष वाढतो. ज्या वेळी प्राणी जास्त दिसतात त्याच वेळी निळा कपडा जास्त बोलतो. पावसाळ्यातल्या निळ्या रेनकोटलाही हेच लागू आहे.

खाकी, शेवाळी, मातकट, राखाडी-तपकिरी हे रंग चालतात. सस्तन प्राण्यांपुढे हिरवा की तपकिरी यावर डोके शिणवू नका, त्यांना दोन्ही जवळपास सारखेच. गडद-फिकेपणा मात्र जुळवा. फेब्रुवारी ते मे पानगळीनंतर जंगल फिके आणि पेंढ्याच्या रंगाचे होते, तेव्हा फिकट खाकी योग्य. जून ते सप्टेंबर झाडी गच्च आणि सावल्या गडद असतात, तेव्हा गडद शेवाळी योग्य. काळी पँट सावलीत चालते, पण उन्हातल्या सुक्या गवतात ती भोकासारखी दिसते. पांढरा कुठेही नको.

गटाला घेऊन जाणाऱ्यांसाठी एक उपयोगी गोष्ट. म्होरक्याला गेरूच्या किंवा विटकरी रंगाचे जाकीट द्या. माणसांच्या गर्दीत तो लांबूनही ओळखू येतो, मुले हरवत नाहीत, आणि चितळाला तो जाकीट मळकट करड्यासारखा दिसतो. वाहतूक पोलिसांसारखे चमकते पोपटी जाकीट मात्र देऊ नका. तो रंग ५३७ नॅनोमीटरच्या शंकूला थेट भिडतो. पक्षी पाहायला जाताना ही विटकरी रंगाची युक्ती चालणार नाही.

कपडे धुण्याच्या पावडरीचा याच्याशी काय संबंध?

बराच आहे. पांढरेशुभ्र दिसावे म्हणून बहुतेक पावडरींत चकाकी आणणारे रसायन असते. जुन्या पिढीला ते टिनोपॉल या नावाने माहीत आहे. हे रसायन ३४० ते ३७० नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश शोषते आणि ४२० ते ४७० नॅनोमीटरचा निळा प्रकाश बाहेर टाकते. म्हणजे तुमची खाकी पँट आपल्याला खाकी दिसते, पण उन्हात आणि विशेषतः मोकळ्या सावलीत ती थोडा निळा उजेडही सोडत असते. तो दिसण्यासाठी हरणाला अतिनील दिसण्याची गरज नाही, कारण बाहेर पडणारा प्रकाश निळाच असतो. पक्ष्यांच्या बाबतीत गुंता आणखी वाढतो: कपड्याने अतिनील शोषून घेतल्यामुळे त्या पट्ट्यात तो काळा पडतो आणि निळ्यात उजळतो.

तपासायला ३६५ नॅनोमीटरची अतिनील टॉर्च वापरा. ३९५ नॅनोमीटरच्या स्वस्त टॉर्चमधून जांभळा उजेड सांडतो आणि सगळेच जांभळे दिसते. पुढे काळी गाळणी काच असलेली टॉर्च असेल तर निकाल स्पष्ट मिळतो. खोली पूर्ण अंधारी करा, कपडा पसरा, अर्ध्या मीटरवरून उजेड टाका. निळसर-पांढरी चमक दिसली तर रसायन आहे. टॉर्च डोळ्यांत मारू नका आणि अतिनील रोखणारा चष्मा लावा. बरेचदा कापड ठीक असते आणि शिवणीचा दोरा, आतली पट्टी, खिशाचे अस्तर किंवा रुमाल झगमगतो. दोरा चमकत असेल तर पँटच्या शिवणींवर निळ्या रेघा ओढल्यासारखे होते. अशा वेळी गडद चहाच्या पाण्यात कपडा रात्रभर बुडवून दोऱ्याचा रंग मारता येतो.

सुती कापडाला हे रसायन घट्ट धरते, दोन-चार वेळा साध्या पाण्यात खळबळून ते जात नाही. सोपा उपाय म्हणजे जंगलाचे कपडे वेगळे ठेवायचे आणि पहिल्यापासून रिठ्याने धुवायचे. एका बादलीला आठ-दहा रिठे पुरतात. बिया काढून साली रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवा, सकाळी दहा-पंधरा मिनिटे उकळा, गाळा आणि ते पाणी बादलीत घाला. रिठ्याला वासही कमी, आणि हरणापुढे तो दुसरा फायदा. धुणे मशीनमध्ये करत असाल तर आधी पावडरीचा कप्पा धुऊन घ्या, नाहीतर उरलेली पावडर पुन्हा कपड्यात येते. आपली घरगुती नीळ ही वेगळी गोष्ट. ती चमकत नाही, ती रंगवते, पण निळेच रंगवते. तीही नको.

पानाफुलांची छपाई असलेले जंगली कपडे घ्यावेत का?

पैसे वाचवा. माणसाची चांगली नजर सुमारे एक मिनिट कोनाएवढा (अंशाच्या साठाव्या भागाएवढा) तपशील वेगळा करू शकते. ५० मीटरवर तो तपशील साधारण दीड सेंटिमीटरचा होतो. कुत्र्याची नजर आपल्यापेक्षा सुमारे पावणेचार पट मंद धरली जाते, म्हणजे त्याच अंतरावर साडेपाच सेंटिमीटरहून लहान ठिपके त्याला एकमेकांत मिसळलेले दिसतात. बारीक पाने-फांद्या छापलेला शर्ट लांबून एकसंध गडद गोळा होतो, आणि माणसाच्या आकाराचा एकसंध गोळा ओळखायला सोपा असतो. नक्षी हवीच असेल तर हाताच्या तळव्याएवढे मोठे, फिके आणि गडद डाग असलेली घ्या, आणि वरचा कपडा व खालचा कपडा वेगवेगळ्या छटेचे असू द्या. शरीराची कड मोडणे हे नक्षीचे खरे काम.

सैन्याच्या गणवेशासारखी दिसणारी छपाई टाळाच. वनरक्षक हटकतील, आणि त्या पोशाखामुळे तुम्हाला जवान समजले गेले तर कायद्याचा प्रश्नही उभा राहू शकतो.

चेहरा आणि हात विसरले जातात. सर्वांत जास्त हलतात तेच. मातकट फडके गळ्यापासून नाकापर्यंत ओढून घेतले, तर महागड्या शर्टापेक्षा जास्त फायदा होतो.

सगळे रंग बरोबर असूनही चितळ पळतात. का?

हालचाल, वारा आणि आकाशरेषा. हरणाचे डोळे डोक्याच्या बाजूंना आणि बाहुली आडवी, त्यामुळे क्षितिजाची लांब पट्टी त्याला एकाच वेळी नजरेत राहते. रंग कमी कळत असले तरी त्या पट्टीत काही सरकले की लगेच कळते. त्याचे डोके खाली चरताना असेल तेव्हाच पाऊल टाका, डोके वर येताच थांबा, आणि कान पुढे वळलेले असेपर्यंत हलू नका. मोकळ्या उतारावर उभे राहिलात तर मागे आकाश येते आणि कुठलाही कपडा कामाला येत नाही. मागे झाड किंवा खडक ठेवा.

वाऱ्याबद्दल मुंबईत एक सोय आहे. थंडी-उन्हाळ्यात सकाळी जमिनीकडून, म्हणजे पूर्वेकडून, मंद वारा असतो आणि दुपारी समुद्राकडून पश्चिम-वायव्येचा वारा सुरू होतो. सकाळी पश्चिमेकडून आणि दुपारी पूर्वेकडून जवळ गेलात तर तुमचा वास प्राण्याकडे न जाता तुमच्याच मागे जातो. चिमूटभर रिठ्याची भुकटी किंवा राख हवेत सोडून दिशा बघा. आखून दिलेली वाट मात्र सोडू नका. बिबट्याच्या जंगलात माणसाने माणसाला दिसत राहणेही आवश्यक आहे.

पक्ष्यांसाठी आडोसा करायचा आहे. काय वेगळे करावे?

चार शंकूंच्या डोळ्यापुढे 'शेवाळी म्हणजे जंगल' हे चालत नाही. कापडाचा हिरवा आणि पानाचा हिरवा आपल्याला एकच वाटले तरी पक्ष्याला ते दोन रंग असू शकतात. त्यातल्या त्यात मातकट आणि राखाडी रंग कमी चुकतात, कारण सुका चिखल, साल आणि दगड यांचे परावर्तन सगळ्या पट्ट्यांत हळूहळू चढत जाते आणि न रंगवलेले गोणपाटही तसेच वागते. म्हणून भांडुपला किंवा खाडीकिनारी गोणपाट उत्तम. धुतलेले नको, जुने आणि धुळकटलेलेच चांगले.

आपल्याकडची हमखास चूक म्हणजे निळी ताडपत्री. पावसाळ्यात प्रत्येक घरी असते, म्हणून आडोशालाही तीच लागते. ती सस्तन प्राण्यांनाही दिसते, पक्ष्यांनाही दिसते, आणि वाऱ्यात फडफडते. पावसापासून बचाव हवाच असेल तर ताडपत्री आतून बांधा आणि बाहेरून गोणपाट ताणून शिवा. खिडकीची फट १० सेंटिमीटरहून मोठी नको, आणि तुमच्या पाठीमागे दुसरी फट नको. मागून उजेड आला की आतली सावली हलताना दिसते. पांढऱ्या रंगाच्या मोठ्या लेन्सला गोणपाटाची बाही शिवा.

शिवडीला किंवा ठाणे खाडीत होडीतून फ्लेमिंगो पाहताना रंगाचा फायदा थोडाच. तिथे होडीचा वेग, उभे राहणारी माणसे आणि अंतर हेच ठरवते. पक्ष्यांनी चरणे थांबवून माना वर केल्या की होडी थांबवा.

फोनवर एखाद्या कपड्याची चाचणी घेता येते का?

सस्तन प्राण्यांसाठी ढोबळ चाचणी घेता येते, आणि ती करून पाहावीच. कपडा घातलेल्या माणसाला खऱ्या पार्श्वभूमीपुढे, त्याच उजेडात, २० मीटरवर उभे करा. फोनमधली आपोआप रंग खुलवणारी आणि एचडीआर सुविधा बंद करा, नाहीतर फोन सावल्या उजळवतो आणि निकाल खोटा येतो. फोटो काढून आधी रंगाची तीव्रता शून्यावर आणा. माणूस पार्श्वभूमीपेक्षा ठळकपणे गडद किंवा फिका दिसत असेल तर पहिल्याच पायरीवर कपडा नापास.

मग दोन शंकूंची नक्कल. 'गिम्प' या फुकट मिळणाऱ्या प्रणालीत रंगवाहिन्या मिसळण्याची सोय आहे. लाल वाहिनीत लाल ५० टक्के आणि हिरवा ५० टक्के भरा. हिरव्या वाहिनीतही तेच. निळी जशीच्या तशी १०० टक्के ठेवा. फोटोत आता फक्त निळा आणि पिवळसर हे दोनच रंग राहतील. विटकरी जाकीट पानांत विरघळेल आणि जीन्स निळीच्या निळी राहील. शेवटी फोटो आकाराने चौथाई करून पुन्हा मोठा करा, म्हणजे मंद नजरेचा अंदाज येतो.

ही नक्कल आहे, हरणाचा डोळा नव्हे. फोनची लेन्स आणि संवेदकावरची गाळणी अतिनील अडवते, त्यामुळे पक्षी आणि कीटक यांच्यासाठी ही चाचणी वापरू नये.

घारीला आणि शिकारी पक्ष्यांना उंदराचे मूत्र अतिनीलात चमकताना दिसते, हे खरे का?

१९९५ मध्ये युरोपातल्या खरुची जातीच्या ससाण्यांवरून असा दावा झाला आणि तो सर्वत्र पसरला. नंतरच्या मोजमापांनी त्याला बळ दिले नाही. शिकारी पक्ष्यांचा चौथा शंकू अतिनीलाचा नसून जांभळ्या टोकाचा, सुमारे ४०५ नॅनोमीटरचा असतो, त्यांच्या डोळ्याचे भिंग बराच अतिनील अडवते, आणि त्या मूत्राचे अतिनील परावर्तनही फारसे वेगळे नसते. चिमण्या, बुलबुल, शिंपी यांसारख्या छोट्या पक्ष्यांची गोष्ट निराळी. त्यांच्यातल्या अनेकांना अतिनील चांगला दिसतो. म्हणून सुरवंटाची लपण्याची खरी परीक्षा शिंपी पक्ष्यापुढे असते.

रंगांधळ्या माणसाला लपलेले प्राणी लवकर दिसतात का?

काही परिस्थितीत होय. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, लाल-हिरव्या ठिपक्यांच्या गोंधळाने झाकलेली रचना दोन शंकूंच्या माणसांना सापडली आणि सामान्य दृष्टीच्या माणसांना सापडली नाही. रंगाचा गोंगाट नसला की पोत आणि कडा पुढे येतात. दक्षिण अमेरिकेतल्या कॅपुचिन माकडांत एकाच कळपात दोन शंकूंची आणि तीन शंकूंची माकडे असतात. त्यांतली दोन शंकूंची माकडे पानांवर लपलेले किडे टिपण्यात सरस ठरली. निसर्गवाटेवर गटात कोणी रंगांधळा असेल तर सालीवरचा पतंग किंवा पाचोळ्यातला रातवा पक्षी शोधायला त्याला पुढे करा. पिकलेली फळे शोधायची असतील तर इतरांना.

ऑक्टोपसला रंग दिसत नाहीत म्हणतात. मग तो रंग जुळवतो कसा?

हाजीअली-वांद्र्याच्या खडकांत मोठ्या ओहोटीला फिरणाऱ्यांचा हा आवडता प्रश्न. माकुल आणि ऑक्टोपस या कुळात बहुतेकांच्या डोळ्यात एकच प्रकारचे प्रकाशग्राही द्रव्य असते. युरोपातल्या माकुलावर मोजले तेव्हा ते सुमारे ४९२ नॅनोमीटरचे निघाले. सारख्याच उजळपणाच्या निळ्या-पिवळ्या चौकटींवर ठेवले तर त्याला पट दिसत नाही, एकसंध जमीन दिसते, आणि तो तसाच एकसंध रंग धारण करतो. तो जुळवतो ते उजळपणा आणि पोत. त्याच्या कातडीत पिवळ्या, तांबूस आणि तपकिरी रंगाच्या पिशव्या असतात, आणि खालचा पांढरा थर सभोवतालचा उजेडच परत फेकतो. खडक, शेवाळ आणि वाळू यांचे रंग मुळात त्याच कुटुंबातले, म्हणून उजळपणा जुळला की रंगही बहुतांशी जुळतो. शिवाय त्याला ध्रुवित प्रकाश (ज्याच्या लहरी एकाच दिशेत कंपतात असा प्रकाश) ओळखता येतो, जो आपल्याला येत नाही.

मुंबईचे पाणी गढूळ. थोड्या खोलीवर लाल प्रकाश संपतो आणि हिरवट-पिवळा उरतो. तिथे लाल प्राणी काळपट दिसतो. पाण्याबाहेर काढून किंवा टॉर्च मारून त्याचा रंग 'भडक' ठरवणे चुकीचे आहे, आणि प्राण्याला बाहेर काढणे तर नकोच.

फुलावर बसलेला पांढरा खेकडा-कोळी मधमाशीला दिसत नाही का?

जातीवर अवलंबून आहे. युरोपातल्या एका जातीचा रंग फुलाशी मधमाशीच्या नजरेतही जुळतो. ऑस्ट्रेलियातल्या जातीचे उलटे. आपल्याला पांढऱ्या फुलावर पांढरा कोळी दिसत नाही, पण त्याचे अंग अतिनील प्रकाश भरपूर परावर्तित करते आणि फुलाच्या पाकळ्या करत नाहीत. मधमाशीला तिथे ठळक डाग दिसतो, आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत मधमाश्या अशा फुलांकडे अधिक वळल्या. म्हणजे आपण ज्याला लपणे म्हणतो ते तिथे आमिष आहे. आरेत कोळ्यांचे फोटो काढणाऱ्यांनी फोटोखाली 'उत्तम छद्मावरण' लिहिण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे.

शॅमेलिऑन प्रत्येक शत्रूसाठी वेगळा रंग घेतो का?

दक्षिण आफ्रिकेतल्या छोट्या शॅमेलिऑनवर २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तसे दिसले. खाटीक पक्षी समोर असताना त्यांनी पार्श्वभूमीशी रंग अधिक काटेकोर जुळवला, साप समोर असताना कमी. सापाची रंगदृष्टी तुलनेने कच्ची, त्यामुळे कमी जुळूनही त्याच्यापुढे ते लपलेलेच राहिले. तरी शॅमेलिऑनचे झगझगीत रंगबदल बहुतेक वेळा एकमेकांना उद्देशून असतात, लपण्यासाठी नसतात. आपल्या बागेतल्या सरड्याचे लाल डोकेही तसेच, विणीच्या काळातले.

ढगाळ दिवशी प्राणी शोधणे वेगळे का वाटते?

उन्हात जंगलात एकाच वेळी अनेक रंगांचे उजेड असतात. दाट छताखाली हिरवट, विरळ झाडीच्या सावलीत निळसर, छोट्या कवडशांत पिवळसर. एका उजेडात जुळलेला प्राणी दोन पावलांवर उघडा पडतो. ढगांनी सूर्य झाकला की हे सगळे उजेड एकमेकांच्या जवळ येतात आणि सावल्या पुसट होतात. पावसाळ्यात म्हणून बसलेला प्राणी शोधायला अवघड जातो. शिवाय सावली नसल्यामुळे हिरव्या हरणटोळ सापाची गोलाई कमी उठते, तेव्हा रंगाऐवजी आकार शोधा: फांदीला न जोडलेली सरळ रेघ.

रात्री लाल टॉर्च वापरली तर प्राण्यांना कळत नाही, असे म्हणतात. किती खरे?

६२० नॅनोमीटरच्या पुढचा लाल उजेड दोन शंकूंच्या सस्तन प्राण्यांना फार मंद दिसतो. मंद म्हणजे अदृश्य नव्हे, झोत थेट डोळ्यांत नको. काही निशाचर पालींना चांदण्यातही रंग कळतात, त्यांच्याबाबत खात्री धरू नका. तुमचा तोटाही समजून घ्या: लाल उजेडात हिरवा बेडूक आणि हिरवा चापडा साप काळे दिसतात, आणि चापडा विषारी आहे. पाऊल कुठे पडते ते पाहायला साधी पांढरी टॉर्च खाली धरून वापराच.

टिटवीची अंडी आपल्याला सापडतच नाहीत. मुंगसाला आणि कावळ्याला सापडतात का?

सापडतात, आणि छद्मावरण किती जुळले आहे यावर ते ठरते. झांबियात जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांवर झालेला आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास इथे उपयोगी आहे. त्यात घरट्यांचे फोटो मुंगसाच्या दोन शंकूंच्या, माकडाच्या तीन आणि पक्ष्याच्या चार शंकूंच्या नजरेने तपासले. रातवा शेवटपर्यंत अंड्यांवर बसून राहतो, म्हणून तिथे पक्ष्याच्या पिसांचे जुळणे महत्त्वाचे ठरले. टिटवीच्या कुळातले पक्षी धोका दिसताच लवकर उठतात, म्हणून तिथे अंड्यांचे जुळणे महत्त्वाचे ठरले.

याचा थेट अर्थ असा: तुम्ही जवळ गेलात की टिटवी उठणार, आणि अंडी केवळ आपल्या रंगाच्या भरवशावर उरणार. तुमच्याकडे लक्ष ठेवून असलेल्या कावळ्यांना तुम्ही कुठे वाकलात ते दिसते. खाली बसून फोटो काढू नका, खूण म्हणून दगड किंवा काठी ठेवू नका, आडवे येणारे गवत उपटू नका. आजूबाजूचे खडे सरकवले तरी अंड्यांच्या ठिपक्यांशी जुळणारी जमीन बदलते. एप्रिल-मेच्या उन्हात टिटवी पोटाची पिसे भिजवून आणते आणि अंडी थंड ठेवते, तेव्हा ती जितका वेळ हवेत ओरडत राहील तितका वेळ अंडी तापत असतात. पहिल्या ओरडण्यालाच आल्या वाटेने मागे फिरा. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना धक्का लावणे शिकारीच्या व्याख्येत येते.